डोझरची हवा काढताना

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला 'पंपाला पाणी पाजणे' म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. विहिरीतला फूट व्हॉल्व्ह, ज्याला आपल्याकडे सर्रास 'फुटबॉल' म्हणतात, त्यात काडीकचरा अडकला की पाइपातले पाणी उतरते आणि पंप कोरडाच फिरत राहतो. मग वरून बादलीने पाणी ओतून पाइप भरायचा. जुन्या डिझेल इंजिनाचे एक दुखणे याच जातीचे आहे, फक्त अधिक नाजूक. मेकॅनिक त्याला 'एअर घेतली' म्हणतात. माझे मामू म्हणत, "इंजन हवा पी गया."

मामू जायकवाडीच्या कालव्यांच्या कामावर डोझर दुरुस्त करायचे. १९६५मध्ये लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केलेल्या आणि १९७६मध्ये पुऱ्या झालेल्या या धरणाची लांबी सुमारे दहा किलोमीटर. बहुतेक सगळा मातीचा बांध. एवढी माती ढकलायची, पसरायची म्हणजे यंत्रांचे काम. बंगळूरच्या भारत अर्थ मूव्हर्सने जपानच्या कोमात्सूच्या सहकार्याने बनवलेले डोझर त्या काळी देशभरच्या धरणांवर दिसत. मी राहतो क्रांती चौकाजवळ. १८५७च्या उठावातल्या शिपायांना जिथे मृत्युदंड दिला, त्या काळ्या चबुतऱ्याचा हा चौक. उन्हाळ्यात तलावांतला गाळ काढायला निघालेला एखादा थकलेला डोझर ट्रेलरवर बसून इथल्या पुलावरून जाताना दिसला, की मला मामूंचे डिझेलने माखलेले हात आठवतात.

हवेने इंजिन का अडते? सायकलच्या पंपाच्या तोंडावर अंगठा धरून दांडा दाबून पाहा. हवा दबते आणि सोडली की पुन्हा फुगते. डिझेल तसे दबत नाही. डोझरचा इंजेक्शन पंप, ज्याला आपले मिस्त्री अजूनही 'मायको पंप' म्हणतात, थेंबभर डिझेल ढकलून नोझल उघडतो. त्यासाठी जुन्या इंजिनांत चौरस सेंटिमीटरला साधारण दीडशे ते अडीचशे किलो दाब लागतो. मोटारीच्या चाकात असतो जेमतेम दोन-अडीच किलो. नळीत हवेचा बुडबुडा असला तर पंपाची सगळी ताकद तो बुडबुडा दाबण्यातच जाते. नोझल उघडतच नाही.

हवा शिरते ती टाकी कोरडी पडली की, फिल्टर बदलला की, किंवा यंत्र बरेच महिने उभे राहून रबरी नळ्या तडकल्या की. डिझेल कमी असताना डोझर उतारावर तिरका झाला तरी टाकीचे तोंड उघडे पडते.

काढायची रीत सोपी आहे, क्रम मात्र चुकवू नये. आधी टाकी भरा, सगळे जोड फडक्याने पुसा. मातीचा एक कण नोझल खराब करायला पुरतो. फिल्टरवरचा हवेचा स्क्रू सैल करा आणि फीड पंपाचा छोटा हातपंप मारत राहा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग अखंड धार. धार आली की हात न थांबवता स्क्रू आवळा. मग हेच इंजेक्शन पंपावरच्या स्क्रूवर. हातपंपाला जोरच लागत नसेल तर तो बिघडला असे लगेच ठरवू नका. आतला कॅम त्याला दाबून बसलेला असतो. इंजिन किंचित फिरवा, हातपंप पुन्हा धरतो. शेवटी नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट अर्धा फेरा सैल करा, थ्रॉटल पूर्ण उघडा, बंद करायचा दांडा 'चालू'वर आहे ना ते पाहा आणि सेल्फ मारा. एका वेळी पंधरा-वीस सेकंद, मग सेल्फला दोन मिनिटे विसावा. नटांतून डिझेल उसळले की आवळा.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. गळती शोधायला हात पुढे करू नका. इतक्या दाबाची बारीक फवार कातडी भेदून आत जाते. बाहेर दिसते ते सुई टोचल्याएवढे छिद्र. दुखतही नाही फारसे. आत मात्र डिझेल मांस कुजवत जाते आणि उशीर झाला तर बोट, कधी हातही गमवावा लागतो. हळद लावून कामावर परतायची ही जखम नव्हे. तडक मोठ्या दवाखान्यात जावे आणि 'दाबाचे डिझेल आत गेले आहे' असे स्पष्ट सांगावे. गळती पाहायची तर पुठ्ठ्याचा तुकडा धरावा.

आता खरी मेख. रोज सकाळी हवा काढून डोझर चालू करणारे ऑपरेटर मी पाहिले आहेत. मे महिना सरत आलेला असतो, पाऊस तोंडावर असतो, भाडे तासाने चढत असते आणि बोल लागतो ऑपरेटरला. मग कोणीतरी 'पंपच गेला' म्हणते आणि चांगला पंप उतरवून शहरात पाठवते. खरा दोष असतो टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीत. तिथे पंप डिझेल ओढत असतो, म्हणून चिरेतून हवा आत जाते, डिझेल बाहेर येत नाही. जोड कोरडा ठणठणीत दिसतो आणि कोणाला संशयच येत नाही. मामू तिथे तात्पुरती पारदर्शक नळी जोडत. बुडबुडे डोळ्यांनी दिसत. अनेकदा गुन्हेगार निघे तांब्याचा जुना वायसर. तांबे दाबून कडक होते, मग जोड नीट बसत नाही. नवा टाकावा, नसलाच तर जुना लालबुंद तापवून थंड करावा, पुन्हा मऊ पडतो. प्लंबरची पांढरी टेप मात्र गुंडाळू नये, तिचे तुकडे पुढे जाऊन अडकतात.

हे सगळे जुन्या पद्धतीच्या पंपांचे. कमिन्सच्या जुन्या इंजिनांची रचना निराळी आहे. नव्या कॉमन रेल इंजिनांत दाब हजार किलोच्या कितीतरी पुढे असतो. त्यांच्या नळ्या सैल करण्याच्या भानगडीत कोणी पडू नये.

काम थांबले की टाकी संध्याकाळीच भरून ठेवावी. रिकाम्या टाकीत रात्री दव धरते. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाशी बसते; सकाळी सेल्फ मारण्याआधी खालचा नळ क्षणभर उघडून ते काढून टाकावे.