चाकाचे नट : टोपीचे की भरीव?



बालाघाटच्या मराठी घरांना प्रवास नवा नाही. १९५६ पर्यंत नागपूर हीच आपल्या प्रांताची राजधानी होती. पुढे राज्याची सीमा बदलली, पण लग्नकार्य, दवाखाना, मुलांचे कॉलेज यासाठी नागपूरचा रस्ता काही सुटला नाही. कोणी कटंगी-तुमसरवरून जातो, कोणी सिवनीवरून, कोणी गोंदियावरून. आता पुष्कळ घरी स्वतःची गाडी आहे. निघताना आपण पेट्रोल पाहतो, हवा पाहतो, काळजी घेणारे स्टेपनीही तपासतात. मात्र चाक ज्या चार-पाच नटांनी धरलेले असते, ते नट वेळेवर सुटतील का, हे फारसे कोणी पाहत नाही.

समजा, संध्याकाळी बैहरच्या घाटात गाडी पंक्चर झाली. जॅक आहे, पाना आहे, स्टेपनीत हवा आहे. परंतु पाना नटावर बसतच नाही! सगळे सामान जवळ असून माणूस रस्त्यात अडकतो. गाडीत म्हातारी माणसे किंवा आजारी मूल असेल तर हा खेळ राहत नाही. असे का होते आणि घरबसल्या त्यावर उपाय काय, हे या लेखात पाहू.

नट फुगतो कसा?

कित्येक गाड्यांना कारखान्यातूनच चकचकीत नट येतात. त्यातले काही एकसंध असतात, म्हणजे पूर्ण नट एकाच पोलादाचा. काही मात्र दुहेरी असतात. आत साध्या पोलादाचा नट आणि त्यावर पातळ, चमकदार पत्र्याची टोपी दाबून बसवलेली. चाक धरण्याचे काम आतला नट करतो. टोपी फक्त शोभेची. 'दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं' ही म्हण या नटाला तंतोतंत लागू पडते.

टोपी आणि नट यांच्यामध्ये बारीक फट राहते. पावसाळ्यात त्या फटीत पाणी आणि चिखल शिरतो. चाके धुताना वापरलेले आम्लयुक्त औषधही तिथेच मुरते. आतल्या लोखंडाला गंज चढतो. आता विज्ञानाच्या तासाला शिकलेली गोष्ट आठवा : गंज म्हणजे लोखंड, ऑक्सिजन आणि पाणी यांचे संयुग. तो मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा घेतो. जुन्या स्लॅबमधली सळई गंजली की प्लास्टर तडकून खाली पडते, ते याच कारणाने. नटातला गंज असाच टोपीला आतून बाहेर ढकलतो. टोपी फुगते आणि १९ मिलिमीटरचा नट साडेएकोणीस, वीस होतो. गाडीसोबत मिळालेला १९ चा पाना मग त्यावर चढत नाही.

घाईत लोक मोठ्या मापाचा पाना हातोडीने ठोकून बसवतात. त्याने टोपीचे कोपरे झिजतात, कधी टोपीच निघून हातात येते. मग उलटी अडचण! टोपीखालचा नट मापाने लहान असतो, त्यामुळे १९ चा पाना त्यावर ढिला पडून नुसताच फिरतो. म्हणजे तोच नट आधी मोठा होता, आता लहान झाला.

हा त्रास आपल्याच नशिबी आला आहे असे नाही. अमेरिकेत फोर्ड कंपनीच्या गाड्यांवरील अशा दुहेरी नटांबाबत ग्राहकांनी गेल्या दशकात न्यायालयात दावे लावले. तिकडच्या दुकानांत फुगलेल्या नटांसाठी मुद्दाम साडेएकोणीस आणि साडेएकवीस मिलिमीटरच्या गोट्या विकायला असतात. इतका हा आजार जुना आणि ओळखीचा आहे.

आपले नट कोणते, हे कसे ओळखावे?

दिवसाउजेडी नटाचा खालचा भाग नीट पाहा. चाकाला टेकतो त्याच्या जरा वर पातळ पत्र्याची कड दिसली, तर तो टोपीचा नट समजावा. टोपीवर पोचे, कोपऱ्याला फुगवटा किंवा कडेतून उतरलेले तांबूस ओघळ दिसले, तर आत गंज सुरू झाला आहे. सर्वांत सोपी परीक्षा म्हणजे गाडीतला पाना काढून प्रत्येक नटावर हाताने बसवून पाहणे. एकावर सहज बसतो आणि दुसऱ्यावर अडतो, असे झाले की सगळे नट बदलायची वेळ आली. एकदोनच बदलू नयेत. बाकीचेही त्याच वयाचे असतात आणि त्यांनीही तोच पाऊस खाल्लेला असतो.

नवे नट घेताना पाहायच्या गोष्टी

दुकानात 'गाडीचे नट द्या' म्हणून भागत नाही. पुढील गोष्टी जुळल्याच पाहिजेत.

१) आटे. आपल्याकडचे मिस्त्री याला 'चूडी' म्हणतात. मारुतीच्या बहुतेक गाड्यांचा स्टड १२ मिलिमीटर जाडीचा आणि आट्यांमधले अंतर १.२५ मिलिमीटर असते. ह्युंदाई आणि होंडाच्या गाड्यांत जाडी तीच, पण अंतर १.५ मिलिमीटर. डोळ्यांना हा फरक दिसत नाही. चुकीचा नट एक-दोन फेरे आत जातो आणि मग अडतो. तिथे जोर लावला की स्टडचे आटे कापले जातात. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या गाड्यांत नट नसून बोल्ट असतात, त्यांचा हिशोब वेगळा.

२) बैठक. नट चाकाला जिथे टेकतो तो भाग. मारुती, ह्युंदाईत तो बहुधा शंकूसारखा उतरता असतो. होंडात तो चेंडूसारखा गोल असतो. टोयोटाच्या कित्येक मूळ अ‍ॅलॉय चाकांच्या नटांना खाली सपाट वॉशर असतो. गोल खड्ड्यात शंकू बसवला तर तो पूर्ण न टेकता एका रेघेवरच टेकतो. घट्ट वाटतो, पण पुढे ढिला होतो.

३) खोली. तोंड बंद असलेल्या नटात स्टड पूर्ण मावला पाहिजे. स्टड लांब आणि नट उथळ असेल तर स्टडचे टोक आत आपटते, आपल्याला नट घट्ट लागला असे वाटते आणि चाक मात्र दाबले गेलेलेच नसते. ही चूक सर्वांत धोक्याची.

४) स्टेपनी. गाडीला अ‍ॅलॉय चाके आणि स्टेपनीला लोखंडी डिस्क, असे बऱ्याच गाड्यांत असते. नवा नट दोन्हींवर नीट बसतो का, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहून किंवा जाणकाराला विचारून घ्यावे.

नट पोलादाचा, एकसंध आणि भरीव असावा. साधा काळा किंवा जस्ताचा मुलामा दिलेला चालेल. चमक हवीच असेल तर पूर्ण नटावर क्रोमचा मुलामा दिलेला घ्यावा. त्याचा मुलामा उडाला तरी नट फुगत नाही. रंगीत अ‍ॅल्युमिनियमचे शोभेचे नट रोजच्या गाडीला लावू नयेत. लहान गाडीला बहुधा प्रत्येक चाकाला चार नट, म्हणजे सोळा लागतात. पाच नटांच्या गाडीला वीस.

बदलण्याची पद्धत

हे काम सपाट जागी, हँडब्रेक ओढून, चाके थंड असताना करावे. चाक काढायचे नसल्याने जॅकही लागत नाही. एका वेळी एकच नट काढावा आणि त्याच जागी नवा लावावा. बाकीचे नट घट्ट असल्यामुळे चाक जागचे हलत नाही. नट काढल्यावर स्टडवरचा गंज तारेच्या ब्रशने झाडावा. नवा नट बोटांनीच फिरवत न्यावा, पहिल्याच फेऱ्याला पाना लावू नये. बोटांनी सहज फिरत नसेल तर तो काढून आटे पुन्हा तपासावेत.

नट पुरेसा आत गेला का, हे मोजता येते. स्टड जेवढा जाड, निदान तेवढी लांबी नटाने धरली पाहिजे. १२ मिलिमीटरच्या स्टडवर १.२५ चे आटे असतील तर १२ भागिले १.२५, म्हणजे साधारण साडेनऊ फेरे. १.५ चे असतील तर ८ फेरे. विद्यार्थी मित्रांनो, वडील नट लावत असतील तेव्हा फेरे मोजण्याचे काम तुम्ही घ्या.

स्टडला तेल किंवा ग्रीस लावावे का, असे पुष्कळ जण विचारतात. पुस्तिकेत तसे सांगितले नसेल तर लावू नये. नट आवळताना आपल्या जोराचा सुमारे नव्वद टक्के भाग घर्षणातच जातो, स्टड ताणायला जेमतेम दहा टक्के उरतो. तेलाने घर्षण घटले की तेवढ्याच जोरात स्टड प्रमाणाबाहेर ताणला जातो.

किती आवळायचे?

'जितके घट्ट तितके चांगले' हा समज खरा नाही. नट आवळला की स्टड अगदी किंचित ताणला जातो, जणू पोलादी रबर. तो मागे यायला पाहतो आणि त्या ओढीने चाक हबवर दाबून धरले जाते. गाडी खरी चालते ती या दाबातून येणाऱ्या घर्षणावर. ताण कमी पडला तर चाक हलू लागते, स्टड वाकून थकतो आणि शेवटी तुटतो. ताण फार झाला तर स्टड कायमचा लांबतो, त्याची ओढ संपते आणि तोही तुटतो. चाक निसटण्याची भीती दोन्ही बाजूंनी आहे.

म्हणून कंपनी आकडा ठरवून देते. लहान मोटारींसाठी तो बहुधा ८५ ते १२० न्यूटन-मीटर असतो. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेला आकडाच आपल्यासाठी खरा. १०० न्यूटन-मीटर म्हणजे एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला सुमारे १० किलो वजन टांगणे. दांडा अर्ध्या मीटरचा असेल तर २० किलो. आता हिशोब करा : ७० किलोचा माणूस ३० सेंटिमीटरच्या पान्यावर उभा राहिला तर सुमारे २०६ न्यूटन-मीटर होतात. पाऊण मीटरचा पाइप घालून उभा राहिला तर पाचशेच्या वर! टायरच्या दुकानातली हवेची गनही बेताने वापरली नाही तर हेच करते. तिथे एवढेच सांगावे : गनने नुसते टेकवा, शेवटचे आवळणे टॉर्क पान्याने करा. हा पाना ठरलेला आकडा आला की 'कट्' असा आवाज देतो.

आवळण्याचा क्रमही महत्त्वाचा. शेजारचा नट लगेच आवळू नये. चार नट असतील तर समोरासमोर, पाच असतील तर एका ओळीत पाच टोकांची चांदणी काढतो त्या क्रमाने. पन्नास ते शंभर किलोमीटर गाडी चालल्यावर सर्व नट पुन्हा एकदा तपासावेत, कारण नवी बैठक थोडी दबते.

शाळेच्या गाड्या आणि घरची सवय

आपली मुले ज्या व्हॅनने किंवा बसने येतात, त्यांच्या बाबतीत विश्वस्त मंडळींना नम्र विनंती आहे. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा चाकांचे नट तपासून वहीत तारीख व सही घ्यावी. एखाद्या ट्रकच्या नटांवर पिवळे प्लॅस्टिकचे बाण लावलेले दिसतात. दोन शेजारच्या नटांचे बाण एकमेकांकडे वळवून ठेवतात. एखादा फिरलेला दिसला की नट ढिला झाल्याचे लांबूनच कळते. व्हॅन किंवा बसच्या मापाचे असे बाण मिळत असतील तर जरूर लावावेत. जुन्या काही अवजड गाड्यांत डाव्या बाजूच्या नटांना उलटे आटे असतात, हे नव्या चालकाला आठवणीने सांगावे.

घरीही एक सवय लावता येईल. वर्षातून दोनदा, रविवारी सकाळी, आपल्याच अंगणात एक चाक काढून पुन्हा लावावे. मोठ्या मुलामुलींनी ते काम आईवडिलांच्या देखरेखीखाली करावे. मुलींना मुद्दाम शिकवावे. उद्या त्याही नागपूर, जबलपूरला एकट्या गाडी नेणार आहेत. गाडी जॅकवर असताना कोणीही तिच्याखाली हात-पाय घालू नये, हा नियम मात्र लहानमोठ्यांना सारखाच.

तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नसतो. नट फुगला आहे हे रात्री घाटात कळण्यापेक्षा दुपारी अंगणात कळलेले बरे. तेव्हा या रविवारी गाडीतला पाना काढावा आणि सोळाच्या सोळा, वीसच्या वीस नटांवर एकदा बसवून पाहावा. पाच मिनिटांचे काम आहे.

सर्वांचा प्रवास सुखाचा होवो.