दोन्ही हीटर एकदम कसे बिघडतील?

गेल्या महिन्यात आमच्या गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागला, तो विझेचना. ‘हे’ नेमके दौऱ्यावर. गॅरेजवाल्याने तपासयंत्र लावलं आणि म्हणाला, “वहिनी, दोन्ही ऑक्सिजन सेन्सर गेले. नवे घालावे लागतील.” आकडा ऐकून मला घामच फुटला. माझ्या अर्धवेळ नोकरीचा दोन महिन्यांचा पगार! म्हटलं, “थांबा. आधी मला नीट समजावून सांगा.”

मैत्रिणींनो, हा सेन्सर धूर बाहेर नेणाऱ्या नळीत बसवलेला असतो. धुरात प्राणवायू किती उरला ते तो इंजिनाच्या कॉम्प्युटरला कळवतो, आणि त्यावरून पेट्रोलचं माप ठरतं. पण सुमारे ३०० अंश सेल्सिअस तापल्याशिवाय तो नीट काम करीत नाही. म्हणून त्याच्या पोटात विजेचा छोटासा हीटर असतो. तो बंद पडला की सेन्सर उशिरा तापतो. तोवर पेट्रोल जास्त जाण्याचा संभव.

यंत्रावर दोन संकेत होते, पी ०१३५ आणि पी ०१४१. एक पुढच्या सेन्सरच्या हीटरचा, दुसरा मागच्याच्या. मला वाटलं, घरातले दोन दिवे एकदम गेले तर आपण बल्ब आणायला धावतो की आधी फ्यूज बघतो? तसं विचारलं. तो हसला, पण त्याने फ्यूजची पेटी उघडली. दोन्ही हीटरना फ्यूज एकच, आणि तो जळलेला!

नवा घातला, तोही गेला. मग गाडी निवल्यावर खाली पाहिलं. एक वायर क्लिपमधून निसटून गरम नळीला टेकली होती. वरचं प्लास्टिक वितळलेलं. सेन्सरचे प्लग सोडवून प्रत्येक हीटरच्या दोन तारांना मीटर लावला. थोडे ओहम दाखवले, म्हणजे हीटर शाबूत. आतली तार तुटली असती तर काटा हललाच नसता, आणि मग मात्र सेन्सर बदलावाच लागला असता. वायर दुरुस्त करून नळीपासून दूर बांधली, फ्यूज बसवला, संकेत पुसले. दिवा विझला तो आजतागायत!

एवढं लक्षात ठेवा : फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा घाला, त्याजागी जाड तार कधीही नको, वायर जळायची. गरम नळीला हात लावू नका. आणि विचारायला लाजू नका. पदरचे पैसे जातात ते आपलेच ना!