०.३ चं कुंपण

मी मीरा रोडला राहते. परवा स्टेशनजवळच्या दुकानातून भांगेच्या बियांचं पाकीट आणलं. सोललेल्या, पांढरट, तिळापेक्षा थोड्या मोठ्या, चव अक्रोडासारखी. या बिया आणि त्यांचं तेल २०२१ च्या नोव्हेंबरात एफएसएसएआय या अन्नसुरक्षा संस्थेने खाद्यपदार्थ म्हणून मान्य केलं. मोहोळ तालुक्यातल्या धाकट्या भावाला फोनवर हे सांगितलं, तर म्हणतो, "ताई, मग आपल्या रानात लावू की! कांद्यानं पार रडवलंय."

२०२१ च्याच ऑगस्टमध्ये भावाच्याच तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला होता : कुठल्याच पिकाला भाव नाही, दोन एकरांत गांजा लावू द्या. पोलिसांनी तो प्रसिद्धीचा स्टंट ठरवला.

भावाला म्हटलं, आधी कायदा ऐक. नशा चढते ती टीएचसी या द्रव्याने. बीमध्ये ते जवळजवळ नसतं. मादी झाडाच्या फुलोऱ्यावरच्या चिकट राळेत साठतं. १९८५ चा एनडीपीएस हा अमली पदार्थांचा कायदा या फुलोऱ्यालाच गांजा म्हणतो, मग त्यात टीएचसी किती का असेना. विनापरवाना लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड. कलम १४ प्रमाणे धाग्यासाठी किंवा बियांसाठी सरकार परवानगी देऊ शकतं. २०१८ मध्ये उत्तराखंडने त्या वाटेने परवाने सुरू केले. मुख्य अट, टीएचसी ०.३ टक्क्याच्या आत. पण तो परवाना मोहोळला चालत नाही.

"०.३ च का?"

१९७६ मध्ये अर्नेस्ट स्मॉल आणि आर्थर क्रॉन्क्विस्ट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी वर्गीकरणाच्या सोयीसाठी ही रेघ ओढली. पुढे तीच कायद्यात शिरली. अमेरिकेने २०१८ मध्ये ०.३ च धरलं. स्वित्झर्लंडमध्ये मात्र एक टक्क्यापर्यंत चालतं. म्हणजे तिथल्या शेतातलं कायदेशीर झाड अमेरिकेत बेकायदा ठरू शकतं.

शेतकऱ्याची खरी कोंडी कापणीच्या वेळी होते. फुलोरा पिकत जातो तसं टीएचसी वाढतं. अमेरिकेत कापणीआधीच्या तीस दिवसांत नमुना तपासतात. मर्यादा ओलांडली, तर उभं पीक नष्ट करायची पाळी येऊ शकते. पाऊस लांबला, मजूर मिळाले नाहीत, आठवडा उलटला, की आकडा चढलाच.

भाऊ थोडा वेळ गप्प राहिला. "कांदा पोसला तर चार पैसे जास्त. हे पोसलं तर गुन्हा?"

मग हळूच म्हणाला, "तुझ्या पाकिटातलं बी उगवंल का गं?"

"सोललंय ते," मी म्हटलं. "खायचं तेवढं."