समुद्राच्या पोटातला ताप

मानोऱ्याहून पूर्वेला निघा की पश्चिमेला, समुद्र शेकडो किलोमीटर दूर. आमच्याकडे समुद्रावर लिहिणारा माणूस जरा चेष्टेचाच विषय होतो. पण इथले सोयाबीन आणि तूर ज्या पावसाच्या भरवशावर पेरतात, तो समुद्राकडूनच येतो. म्हणून गेली काही वर्षे मी समुद्राचा ताप मोजणाऱ्यांचे काम जमेल तसे वाचतो आहे.

एखाद्या ठिकाणी, वर्षाच्या त्या दिवसांत नोंदल्या गेलेल्या तापमानांपैकी नव्वद टक्के नोंदींना मागे टाकून पाणी सलग पाच दिवस तापलेले राहिले, तर तिला सागरी उष्णतेची लाट म्हणतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९८२ ते २०१८ या काळात पश्चिम हिंदी महासागरात अशा ६६ आणि बंगालच्या उपसागरात ९४ लाटा मोजल्या. आपल्या कामाची गोष्ट पुढेच आहे. या लाटा असताना मध्य भारतात पाऊस घटतो आणि दक्षिणेकडे वाढतो, असे त्यांना आढळले. अर्थात विदर्भातल्या प्रत्येक उघडिपीचे खापर समुद्रावर फोडता येणार नाही.

ही मोजणी पृष्ठभागाची. उपग्रहाला पाण्याची फक्त वरची कातडी दिसते. म्हणजे कपाळाला हात लावून ताप बघण्यासारखेच. खरा प्रश्न उष्णता किती खोल गेली हा. वरचाच पातळ थर तापला असेल तर पहिल्या वादळी वाऱ्यात पाणी ढवळते, खालचे गार पाणी वर येते आणि ताप उतरतो. पन्नास-शंभर मीटरपर्यंत पाणी उबदार असेल तर ढवळूनही उबदारच पाणी वर येते. चक्रीवादळाला तेच हवे असते. कधी वर काहीच दिसत नाही आणि लाट मात्र खाली चालू असते. बंगालच्या उपसागरात नद्यांचे गोडे, हलके पाणी वर झाकणासारखे पसरते. त्याखाली उष्णता कोंडून राहू शकते.

तिथे पोचतात आर्गोचे फ्लोट. माणसाएवढ्या उंचीची ही नळकांडी जगभरच्या समुद्रांत चार हजारांच्या आसपास आहेत. आपल्याकडचे काम हैदराबादची 'इन्कॉइस' पाहते. फ्लोट हजार मीटर खोल प्रवाहाबरोबर वाहत राहतो. साधारण दहा दिवसांनी तो दोन हजार मीटरपर्यंत उतरतो आणि मग पोटातले तेल बाहेरच्या रबरी पिशवीत ढकलतो. वजन तेच, आकार मोठा. त्यामुळे तो वर येऊ लागतो. वाटेत तापमान, क्षारता आणि दाब नोंदवतो, वर येऊन उपग्रहाला कळवतो, तेल आत ओढून पुन्हा बुडतो.

अडचण हिशेबाची आहे. लाट पाच दिवसांची, फेरी दहा दिवसांची, आणि दोन फ्लोटमधले अंतर साधारण तीनशे किलोमीटर, म्हणजे लहान लाट त्यांच्या मधूनच निसटते. फेरी पाच दिवसांची करता येते, काही ठिकाणी करतातही. पण एका बॅटरीत ठरावीकच फेऱ्या बसतात. दुप्पट वेळा वर आणले की फ्लोट निम्म्या वर्षांत संपतो. संपलेला फ्लोट परत आणायला सहसा कोणी जात नाही. त्याच्या जागी नवा सोडावा लागतो.