नाद, वारे आणि चाहता

लोकप्रियतेविषयी बोलताना मराठी भाषक जे शब्द योजतात त्यांचे स्थूलमानाने दोन गट पडतात. ‘रसिक’, ‘जाणकार’, ‘मर्मज्ञ’ हे शब्द पहिल्या गटातले होत. कलाकृती समजून घेणारी जाणीव त्यांत गृहीत आहे. ‘वेड’, ‘खूळ’, ‘नाद’ हे दुसऱ्या गटातले. भान सुटल्याची सूचना त्यांत आहे. ‘चाहता’ हा शब्द या दोहोंच्या सीमेवर उभा आहे. तरुण गायकांच्या एखाद्या समूहामागे असंख्य मुलेमुली वेडी होतात, आणि त्याच समूहावरील चित्रपट कसा तयार झाला याविषयी दिग्दर्शक बोलू लागला की तितक्याच तन्मयतेने ऐकतात. मग त्यांची गणना कोणत्या गटात करावयाची? पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या तालुक्यांत चालत आलेले दोन कलाप्रकार या प्रश्नाची उकल करण्यास साहाय्यभूत होतात.

प्रथम इंग्रजीतून मराठीत रुळलेला ‘फॅन’ हा शब्द घेऊ. ‘फॅनॅटिक’ या शब्दाचे ते संक्षिप्त रूप मानले जाते. त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन ‘फानुम’ या शब्दाचा अर्थ देवस्थान असा आहे, आणि ‘फानाटिकुस’ म्हणजे देवस्थानाशी संबंधित, देवाच्या संचाराने बेभान झालेला मनुष्य. म्हणजे ज्याच्या अंगात आले आहे असा तो. व्युत्पत्तीचा हा धागा हाती धरून जव्हार-मोखाड्याकडे पाहिले असता एक लक्षणीय भेद प्रत्ययास येतो.

शिमगा उलटल्यावर या भागातील गावांत बोहाडा होतो. सांबळ व सनईच्या साथीवर रात्रभर गणपती, शारदा, नरसिंह, रावण अशी सोंगे एकामागून एक येतात, आणि अखेरीस देवी व महिषासुर यांचे युद्ध होते. मुखवटे लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे असतात आणि सोंगे पुरुषच घेतात. कोणत्या मुखवट्यामागे कोण आहे हे गावास पुरते ठाऊक असते. तरीही देवीचे सोंग घेणाऱ्याच्या अंगात ‘वारे’ आले की लोक त्यास हात जोडतात. त्यास सांभाळण्यासाठी सोबती असतात. मुखवटा उतरला की वारेही उतरते, आणि तो मनुष्य पूर्ववत शेतकरी किंवा मजूर होतो. येथे बेभान होण्याचा अधिकार सोंग घेणाऱ्यास आहे. त्यास वेळ, स्थळ आणि मर्यादा यांचे बंधन आहे. पाहणारा भानावर राहतो, किंबहुना तोच त्या संचाराचा रक्षक असतो.

तारप्याच्या नाचाची घडण निराळी आहे. वाळविलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, मेण आणि ताडाची पाने यांपासून हे वाद्य सिद्ध होते. वादक श्वास न तोडता ते फुंकीत राहतो आणि नाचणारी साखळी त्याच्याभोवती फेर धरते. वादकाने चाल बदलली की पावले बदलतात. तारप्यास पाठ दाखवावयाची नाही असा संकेत आहे. मराठीतील ‘नाद’ या शब्दाचे ध्वनी आणि आसक्ती हे दोन्ही अर्थ या फेरात एकवटलेले दिसतात. परंतु नाद लागलेला मनुष्य येथे बाहेर उभा राहत नाही. तो साखळीत हात गुंफून शिरतो. जव्हार तालुक्यातील वाळवंडा येथील तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा या फेराच्या केंद्रस्थानी असलेल्या कलावंताचे नाव देशभर पोहोचले.

आधुनिक समूहगायकांच्या बाबतीत ही रचना उलटी होते. व्यासपीठावरील कलावंताच्या हालचाली काटेकोर आखलेल्या असतात. वारे येते ते प्रेक्षकांस. १८४४ मध्ये पियानोवादक लिस्ट याच्या श्रोत्यांची अवस्था पाहून हाइने या जर्मन कवीने तिला ‘लिस्टोमानी’ असे रोगाचे नाव दिले होते. १९६४ मध्ये रिचर्ड लेस्टर याने बीटल्स या चौघांवर ‘अ हार्ड डेज नाइट’ हा चित्रपट काढला, त्यात पाठलाग करणाऱ्या चाहत्यांच्या झुंडी हा कथानकाचाच भाग होता. चाहत्यास पडद्यावर स्वतःचे रूप दिसले. कोरियातील बीटीएस हा सात तरुणांचा समूह २०१३ मध्ये पुढे आला, आणि त्याच्या चाहत्यांनी तर ‘आर्मी’ हे समूहवाचक नामच धारण केले.

चित्रपटामुळे यात आणखी एक घटक येतो, तो चेहरा. बोहाड्यात चेहरा झाकलेला असतो, फेरात तो फिरत राहतो. कॅमेरा मात्र त्यास स्थिर करून जवळ आणतो. महाराष्ट्रात याचा दाखला बालगंधर्वांचा आहे. त्यांच्या स्त्रीभूमिकांतील वेशभूषेचे अनुकरण घरोघरच्या स्त्रिया करीत. १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त ते संत एकनाथांच्या पुरुषभूमिकेत दिसले, पुढे ते पुन्हा रंगभूमीकडे वळले. चाहत्यांचा जीव ज्या रूपावर जडला होता ते रंगभूमीवरचे होते. कॅमेऱ्याने दाखविला तो त्यामागचा मनुष्य.

चित्रपटनिर्मितीविषयीच्या संवादाचे महत्त्व येथे ध्यानात येते. १९६२ मध्ये त्रुफो या तरुण फ्रेंच दिग्दर्शकाने हिचकॉकची प्रदीर्घ मुलाखत घेतली. १९६६ मध्ये ती ग्रंथरूप झाली. एका चाहत्याने आपल्या दैवतास ‘हे कसे केलेत?’ असे पुनःपुन्हा विचारावे, असे तिचे स्वरूप आहे. पुण्यात प्रभातच्याच जागेत १९६० मध्ये चित्रपटशिक्षणाची संस्था निघाली आणि तेथे सतीश बहादूर यांनी चित्रपटाचा रसास्वाद हा अध्यापनाचा विषय केला. ‘कसे केले’ हे कळल्याने मोहिनी ओसरत नाही; ती पाहणाऱ्याच्या ताब्यात येते. मुखवटा कोणी घडविला आणि त्यामागे कोण आहे हे जाणूनही हात जोडणाऱ्या मोखाड्याच्या ग्रामस्थास हे पूर्वीपासून अवगत आहे.

आज बोहाड्याच्या रात्री मशालींच्या जोडीने मोबाइलचे पडदेही उजळतात. रोजगारासाठी बाहेर गेलेल्या तरुणांपर्यंत गावचे सोंग त्यामुळे पोहोचते, हा लाभ उघड आहे. धोका इतकाच की फेराची रांग होऊन ती व्यासपीठावर उभी राहील, आणि काल साखळीत हात गुंफणारा मुलगा समोर बसून केवळ टाळ्या वाजवील. तसे झाले तर कलेस चाहते पुष्कळ मिळतील, परंतु वारे सांभाळणारे सोबती उरणार नाहीत. जव्हार-मोखाड्यातील ज्या तरुणांच्या हाती आता कॅमेरा आहे, त्यांनी तो फेराच्या आत उभे राहून चालविला, आणि मुखवटा घडविणाऱ्या वडीलधाऱ्यांस ‘हे कसे केलेत?’ असे विचारले, तर नाद आणि रसिकता यांची फारकत होण्याचे कारण नाही.