तीच बिर्याणी, पण ऑनलाईन जास्त भाव खाते!

हॉटेल तेच, आचारी तोच, कढईसुद्धा तीच. पण काउंटरवरचं मेनूकार्ड आणि मोबाईलमधलं मेनूकार्ड शेजारी-शेजारी धरून कधी बघितलंय? नसेल तर आजच बघा. बऱ्याच ठिकाणी एकाच पदार्थाचे दोन रेट सापडतील. आणि माहीत आहे का, हा फरक बिलात कुठेच वेगळा लिहिलेला नसतो!

जुलै 2022 मध्ये एका ग्राहकाने लिंक्डइनवर दोन बिलं टाकली आणि इंटरनेटवर धमाल उडाली. ऑर्डर अगदी साधी: ब्लॅक पेपर सॉसमधल्या भाज्या, व्हेज फ्राइड राइस आणि मशरूम मोमो. काउंटरवर 512 रुपये. झोमॅटोवर, डिस्काउंट वजा करूनसुद्धा, 689 रुपये 90 पैसे. चक्क 178 रुपयांचा फरक, म्हणजे जवळजवळ 35 टक्के! कंपनीने सांगितलं की किमती रेस्टॉरंट ठरवतं, आम्ही नाही. आणि ते खरंच आहे. ॲपवरचा रेट हॉटेलवालाच भरतो.

मग तो वाढवून का भरतो? इथे येतं या अख्ख्या विषयातलं सगळ्यात भारी गणित.

समजा, हॉटेलवाल्याला एका प्लेटमागे 100 रुपये हातात हवेत आणि ॲपचं कमिशन आहे 25 टक्के. तुम्ही म्हणाल, सोपं आहे, 125 लावा. चूक! कमिशन कापलं जातं वाढवलेल्या किमतीवर. 125 मधून 31 रुपये 25 पैसे गेले की उरतात पावणेचौऱ्याण्णव. शंभर हातात यायला रेट लावावा लागतो 133. थांबा, अजून संपलं नाही. त्या कमिशनवर 18 टक्के जीएसटी आहे आणि 5 टक्के जीएसटी लावणाऱ्या हॉटेलला तो परत मिळत नाही. तोही धरला की शंभराची प्लेट जाते थेट 142 वर! वर तुम्ही 5 टक्के कर भरता तोही या फुगलेल्या 142 वरच. म्हणजे हॉटेलवाला लुटारू नाही आणि तुमचा हिशेबही चुकलेला नाही. टक्केवारीच अशी चढत जाते.

कमिशन हॉटेलागणिक बदलतं. साधारण 15 ते 30 टक्क्यांचे आकडे कायम चर्चेत असतात. रेस्टॉरंटवाल्यांच्या संघटनेने 2021 मध्ये थेट स्पर्धा आयोगाचं दार ठोठावलं आणि एप्रिल 2022 मध्ये झोमॅटो-स्विगीची चौकशी लागली. त्यात एक मुद्दा खास आहे: दुसरीकडे यापेक्षा स्वस्त विकायचं नाही, अशा अटी हॉटेलांवर घातल्या जातात का?

आता फीची फॅमिली भेटूया! थोरली बहीण डिलिव्हरी फी, मधली पॅकिंग चार्ज, शेंडेफळ प्लॅटफॉर्म फी. हे शेंडेफळ एप्रिल 2023 मध्ये स्विगीवर जन्मलं, तेव्हा फक्त 2 रुपयांचं होतं. ऑगस्टमध्ये झोमॅटोही मागोमाग आलं. सप्टेंबर 2025 येईपर्यंत झोमॅटोवर ते 12 रुपयांचं झालं होतं. अडीच वर्षांच्या आत सहापट! आणि गंमत बघा, ही फी प्रत्येक ऑर्डरला सारखीच. दोन हजारांची पार्टी मागवा नाहीतर एकट्यासाठी इडली, आकडा तोच. छोट्या ऑर्डरला ती जास्त झोंबते. मला सगळ्यात जास्त राग हिचाच येतो.

एका बिलात जीएसटीचे दोन दर असतात, माहीत आहे का? जेवणावर 5 टक्के, प्लॅटफॉर्म फीवर 18. सप्टेंबर 2025 पासून ॲपच्या डिलिव्हरी चार्जवरही 18. जेवण स्वस्त करात, पोचवणं महाग करात!

तसे दोन रेट आपल्याला नवे नाहीत. मुंबईच्या उडपी हॉटेलात एसी हॉलमधला डोसा पूर्वीपासून महाग. जुलै ते नोव्हेंबर 2017 मध्ये तर करसुद्धा वेगळा होता, बिगर-एसी हॉटेलला 12 टक्के आणि एसी हॉटेलला 18. म्हणजे गारव्यावर टॅक्स! पण तिथे दोन्ही रेट बोर्डावर दिसायचे. मोबाईलमध्ये फक्त एकच दिसतो.

पाऊस पडला की काय हवं? कांदाभजी! ॲपला काय हवं? पावसातली जादा, म्हणजे सर्ज फी. मे 2025 पर्यंत झोमॅटोच्या गोल्ड मेंबरांना यातून सूट होती, त्यानंतर तेही भिजले.

आणखी एक नमुना. जानेवारी 2025 मध्ये कुणाच्या तरी बिलात झळकली ‘व्हेज मोड’ची 2 रुपये फी. शाकाहारी असण्याचे पैसे? गदारोळ झाला, झोमॅटोच्या दीपिंदर गोयल यांनी माफी मागितली आणि फी लगेच गायब! ओरडलं की ऐकू जातं, हे किती छान.

‘60% ऑफ’ दिसलं की बोट आपोआप पुढे जातं ना? त्याच्या शेजारचे बारीक शब्द वाचा: ‘120 रुपयांपर्यंत’. 600 च्या ऑर्डरवर हे झाले फक्त 20 टक्के. आणि तेसुद्धा फुगलेल्या रेटवर.

बेहरूझ बिर्याणी ऐकलं की डोळ्यांपुढे इराणी राजवाडा येतो? राजवाडा सोडा, पुण्यात या! तिची कंपनी रिबेल फूड्स म्हणजे पुण्यात सुरू झालेलं आपलं फासोस. एकाच किचनमधून बिर्याणी, पिझ्झा आणि रोल वेगवेगळ्या ब्रँडच्या नावाने निघतात. अशा क्लाउड किचनला बहुतेक वेळा टेबलंच नसतात, मग भिंतीवरचा रेट कुठला आणि तुलना कशाशी करणार?

पुण्याचं आणखी एक. 2025 मध्ये स्विगीने खिशाला परवडणाऱ्या जेवणासाठी ‘टोइंग’ नावाचं वेगळं ॲप काढलं. सुरुवात? पुण्यातच! भाव कसा करायचा हे पुणेकरांना सांगायला नको.

  

शेवटच्या क्षणी बिल वाढवण्याला सरकारने नोव्हेंबर 2023 मध्ये ‘ड्रिप प्रायसिंग’ म्हणून 13 डार्क पॅटर्नच्या, म्हणजे ग्राहकाला गंडवणाऱ्या क्लृप्त्यांच्या, यादीत टाकलंय. कार्टमध्ये परस्पर वस्तू घालणंही त्याच यादीत आहे. पुढच्या वेळी पैसे भरण्याआधी ‘टॅक्स आणि रेस्टॉरंट चार्जेस’ अशा ओळीवर बोट ठेवा. ती उघडते आणि आत पॅकिंग चार्ज दडलेला सापडतो. मग हॉटेलला एक फोन लावून पार्सलचा रेट विचारा. घराजवळची हॉटेलं कधी कधी स्वतःच पोरगा पाठवतात!

आणि हो, कधी फरक उलटाही पडतो! अमेरिकेतल्या एका पिझ्झावाल्याचा 24 डॉलरचा पिझ्झा डोअरडॅश या तिथल्या डिलिव्हरी ॲपवर 16 डॉलरला लागला होता, तोही त्याला न विचारता. ही गोष्ट 2020 मध्ये गाजली. पठ्ठ्याने काय केलं? स्वतःच्याच दुकानातून 10 पिझ्झे मागवले. 160 डॉलर भरले आणि कंपनीकडून 240 डॉलर मिळवले. पुढे तर त्याने खोक्यात टॉपिंग घालायचंही सोडलं. नुसती कणीक, आणि नफा आणखी जास्त!