जुनी पिकअप : घरी करता येणारी निगा आणि सुधारणा (पालक व शिक्षकांसाठी)



शाळेच्या ब्लॉगवर पिकअपचं काय काम, असं काहींना वाटेल. पण आपल्या सोलापूर जिल्ह्यात कुठल्याही वर्गात "तुझे वडील काय करतात?" असं विचारलं की दोन-चार तरी उत्तरं "पिकअप आहे" अशी येतात. मोहोळ, माढ्याचा कांदा सोलापूरच्या मार्केट यार्डात, सांगोल्याचं डाळिंब, मंगळवेढ्याची ज्वारी, गावोगावचं दूध, एवढंच काय मंडपाचं सामान आणि डीजेसुद्धा याच गाडीवर. बहुतेक घरांत ती नवी नसते, दुसऱ्या-तिसऱ्या हाताची असते. गाडी चार दिवस बंद पडली की घरातला पैसा थांबतो, आणि त्याचा परिणाम मुलाच्या वहीपर्यंत येतो. म्हणून हा पाठ.

मी शिक्षक आहे, मेकॅनिक नाही. आमच्या घरीही एक जुनी पिकअप आहे, भाऊ चालवतो. तिच्यामुळे जे शिकायला मिळालं आणि चौथी-पाचवीच्या मुलांना जे समजावून सांगता येतं, तेवढंच इथे लिहितो.

आधी एक वही करा

सगळ्यात स्वस्त सुधारणा म्हणजे शंभर पानी वही. तारीख, किलोमीटर, काय बदललं, किती खर्च आला, एवढे चार रकाने. जुन्या गाडीची खरी अडचण अशी असते की आधीच्या मालकाने ऑइल कधी बदललं, क्लच कधी टाकला, हे कोणालाच माहीत नसतं. "आत्ताच तर केलं होतं" म्हणता म्हणता वर्ष उलटतं. ही वही घरातल्या मुलाने लिहावी. मोठ्या संख्यांची वजाबाकी याहून चांगली कुठे शिकायला मिळणार? १,८४,६०० ला ऑइल बदललं, आज १,९३,१०० झाले, तर गाडी किती चालली? आपल्या गाडीच्या पुस्तकात दिलेल्या अंतराशी उत्तर ताडून बघायला मुलालाच सांगा. तो वडिलांना गप्प बसू देत नाही, हा अनुभव आहे!

उन्हाळा आणि आपलं खारं पाणी

सोलापूरचा एप्रिल-मे सगळ्यांना माहीत आहे. चाळिशीच्या वरचं तापमान, वर भरलेली गाडी. अशा वेळी इंजिन गरम झालं की बाटलीतलं नाहीतर बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये ओततात. अडचणीच्या वेळी एकदा चालेल, पण नेहमीची सवय नको. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार जास्त. हंड्याच्या तळाला आणि गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. नळी चोंदली की पाणी भरूनही इंजिन तापतंच. म्हणून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर वापरावं, साधारण निम्मं-निम्मं. डब्यावर जे प्रमाण लिहिलं असेल ते खरं. कूलंटमुळे पाणी उकळण्याचं तापमान वाढतं आणि आतून गंजही कमी धरतो.

दोन गोष्टी मात्र पक्क्या. गरम इंजिनचं रेडिएटर झाकण उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून ते १०० अंशांच्या वर जाऊनही उकळलेलं नसतं. झाकण उघडताच दाब जातो आणि ते एकदम उकळून तोंडावर उडतं. कुकरची शिट्टी काढायच्या आधी झाकण उघडण्यासारखंच आहे हे. दुसरं म्हणजे कूलंट चवीला गोडसर पण विषारी असतं. उरलेलं थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवू नका, घरात लहान मुलं आणि दारात जनावरं असतात.

रेडिएटरच्या बाहेरच्या जाळीत धूळ, कडब्याचा भुसा, किडे अडकतात. गाडी थंड असताना इंजिनच्या बाजूने बाहेरच्या बाजूला हलक्या धारेने पाणी मारावं. जोराच्या प्रेशरने जाळीच्या पात्या वाकतात आणि हवा जायची वाटच बंद होते.

बॅटरीचा शत्रूही ऊनच. त्यातलं पाणी उडून जातं. ज्या बॅटरीला झाकणं आहेत तिची पातळी उन्हाळ्यात वरचेवर बघावी आणि डिस्टिल्ड वॉटरच घालावं. टर्मिनलवरची पांढरी-हिरवट पूड कोमट पाण्यात खाण्याचा सोडा टाकून धुता येते. सोडा आम्लावर पडला की फसफसतो. मुलांना विज्ञानाचा प्रयोग दाखवायचा तर लांबूनच, कारण बॅटरीत आम्ल आहे. साधा मल्टिमीटर असेल तर रात्रभर उभ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसतं आणि इंजिन चालू केल्यावर साधारण १४. चालू इंजिनवरही आकडा वर सरकत नसेल तर दोष बॅटरीत नाही, चार्जिंगमध्ये आहे. नवी बॅटरी घ्यायच्या आधी एवढं पाहिलं तर काही हजार रुपये वाचू शकतात.

ऑइल, डिझेल, धूळ

ऑइल बघताना गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबलेलं. डिझेल गाडीचं ऑइल लवकर काळं पडतं, त्याने घाबरायचं कारण नाही, ती काजळी आहे. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर मात्र गाडी तिथेच थांबवून मिस्त्रीला बोलवायचं. त्यात पाणी मिसळलंय.

डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी साचतं. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून खाली बसतं. वर्गात काचेच्या बाटलीत गोडं तेल आणि पाणी घेऊन हेच दाखवता येतं. तळाचा स्क्रू ढिला करून स्वच्छ डिझेल येईपर्यंत पाणी सोडून द्यायचं. पावसाळ्यात हे जास्त वेळा करावं. एअर फिल्टर आतून बाहेर अशी हवा मारून साफ करायचा, उलटं केलं तर धूळ कागदात रुतते. शेतरस्त्यावर फिरणाऱ्या गाडीने फक्त किलोमीटर मोजून चालत नाही. डांबरीवरच्या गाडीपेक्षा तिचा फिल्टर कितीतरी आधी भरतो.

एक इशारा. आपली गाडी कॉमन रेल इंजिनची असेल तर पंपापासून इंजेक्टरकडे जाणारे लोखंडी पाइप चालू इंजिनवर अजिबात सोडू नका. त्यातला दाब इतका असतो की डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत जाते.

टायरबद्दल थोडक्यात. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. मे महिन्यात दुपारी हवा जास्त दिसते म्हणून काढून टाकतात. ते चुकीचं आहे. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि फुटतो. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, उदाहरणार्थ २३१९, म्हणजे २०१९ सालातला २३ वा आठवडा. जुना टायर "नव्यासारखा" म्हणून विकत घेताना हे चार आकडे वाचता आले पाहिजेत. चाक बदलल्यावर पाच नट असतील तर आपण चांदणी काढतो त्या क्रमाने आवळायचे, शेजारचा शेजारी नाही. आणि पन्नासेक किलोमीटर गेल्यावर पुन्हा एकदा पाना लावायचा.

पाटा वाढवण्याविषयी जरा सविस्तर

कांद्याचा हंगाम आला की गॅरेजवर सगळ्यात मोठी मागणी असते "मागचा एक पाटा वाढवा". गाडी बसत नाही, माल जास्त बसतो, दिसायलाही गाडी उंच दिसते. यावर मला जास्त लिहायचंय, कारण ही सुधारणा वाटते पण तशी ती नाही.

बघा, जास्त वजनाने पाटा वाकतो, म्हणून आपण पाटा वाढवला. पण ब्रेक तेवढेच राहिले. टायर, बेअरिंग, ॲक्सल, क्लच, सगळं तेवढंच. वजन दुप्पट झालं की तेवढ्याच वेगातून थांबायला ब्रेकला दुप्पट ऊर्जा शोषावी लागते आणि वेग दुप्पट झाला तर चौपट. ही सगळी ऊर्जा उष्णता होऊन ड्रममध्ये आणि डिस्कमध्ये जाते. तुळजापूरच्या घाटात उतरताना ब्रेकला जळका वास येतो तो याचाच. म्हणून उतारावर खालचा गिअर टाकून इंजिनच्या ताकदीने गाडी धरायची.

दुसरी गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. अनेक पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलला एक दांडी जोडलेली असते आणि ती चॅसीवरच्या एका व्हॉल्व्हला जाते. गाडी भरली की हौदा खाली येतो, दांडी हलते, आणि व्हॉल्व्हला कळतं की माल भरलाय, मागच्या ब्रेकला जास्त दाब द्यायचा. गाडी रिकामी असली की तो मागचा दाब कमी ठेवतो, म्हणजे हलकी झालेली मागची चाकं लॉक होऊन घसरत नाहीत. आता पाटा वाढवल्यावर काय होतं? माल भरूनही हौदा पुरेसा खाली येत नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामीच आहे. म्हणजे वजन वाढवलं आणि मागचा ब्रेक आपणच कमी केला! सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो, पॅड लवकर संपतात, गाडी उशिरा थांबते. काही ठिकाणी यावर इलाज म्हणून ती दांडी तारेने वर बांधून टाकतात. मग रिकाम्या गाडीला पावसात ब्रेक मारला की मागचा भाग फिरतो. आपल्या गाडीखाली वाकून ती दांडी आहे का, जागेवर आहे का, एवढं आजच बघा.

मग किती भरायचं? हे गणित आरसी बुकात आहे. समजा एकूण वजन २,९५० किलो आणि रिकाम्या गाडीचं १,७०० किलो लिहिलंय. फरक १,२५० किलो. त्यात ड्रायव्हर आणि सोबतीचे १५० वजा केले की राहिले १,१००. पन्नास किलोच्या २२ पिशव्या. प्रत्यक्षात ४० भरल्या तर ९०० किलो जास्त. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा मालाचा दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० आहे. भाडं किती मिळतं आणि दंड किती, ही तुलना मुलांकडून करून घेतली तर शाब्दिक उदाहरण होतं.

तुटलेला किंवा दबलेला पाटा त्याच मापाचा बदलणं वेगळं, ते केलंच पाहिजे. वाढवणं वेगळं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. पासिंगच्या वेळी (आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला ते दरवर्षी लागतं) अडतं ते वेगळंच.

खरोखर उपयोगी सुधारणा

जुन्या गाडीचा दिवा मंद वाटतो म्हणून लोक जास्त वॅटचा बल्ब टाकतात. ६० वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर ५ अँपिअर घेतो, दोन्ही मिळून १०. शंभर वॅटचे दोन टाकले की जवळजवळ १७. तेवढ्यासाठी जुनी वायर आणि स्विच बनलेलेच नाहीत, होल्डर वितळतो. बहुतेक वेळा दोष बल्बचा नसून वाटेत व्होल्ट गळण्याचा असतो. वायरमनकडून रिले आणि फ्यूज टाकून घेतला तर बॅटरीतून थेट जाड वायरने दिव्याला पुरवठा होतो, स्विचला फक्त इशारा द्यायचं काम उरतं. त्याच बल्बचा उजेड वाढतो आणि समोरच्याचे डोळेही दिपत नाहीत. अर्थ पॉइंट घासून साफ करणं तर फुकटचं काम आहे. फ्यूजच्या जागी तार किंवा सिगारेटच्या पाकिटाची चांदी लावणं म्हणजे गाडीला आग लावायची तयारी.

रिफ्लेक्टर टेप लावा : पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. ऊसतोडीच्या दिवसांत रात्री रस्त्यावर काय काय उभं असतं ते आपण बघतोच. आपली गाडी बंद पडून कडेला उभी असेल तेव्हा ही टेप बोलते.

हौद्याच्या पत्र्याला खताने फार लवकर गंज लागतो. युरिया, डीएपी भरून आणल्यावर त्याच दिवशी धुवा. रबर मॅट टाकली असेल तर ती उचलून खालचा पत्रा वाळू द्या, नाहीतर मॅटखाली ओल धरून पत्रा गुपचूप खातो. गंज दिसला की तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, रेड ऑक्साइड आणि वर रंग. हे काम सुट्टीच्या दिवशी घरचे सगळे मिळून करू शकतात.

प्रेशर हॉर्न, पुढचा लोखंडी बुल बार, काचेवरचं काळं फिल्म याविषयी लिहीत नाही. तो खर्च मुलांच्या बुटांवर करावा.

आता शिक्षकांसाठी

केंद्रस्तरीय, बीटस्तरीय स्पर्धांच्या वेळी एखादे पालक प्रेमाने म्हणतात, "गुरुजी, गाडी दारातच हाय की, न्या पोरांना." नाही म्हणायला जड जातं. तरीही नाही म्हणा. हौद्यात सीट नाही, बेल्ट नाही, धरायला काही नाही, आणि मुलं एका बाजूला सरकली की वळणावर गाडीचा तोल बदलतो. शिवाय मालवाहू गाडीत मालाचा मालक किंवा त्याचा माणूस सोडून इतर प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे. एसटीचा खर्च वर्गणीतून निघतो. देवदर्शनाला आणि लग्नालाही हाच नियम लावला तर बरं.

राहिलं गाडीखाली जायचं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये, अगदी "एकच मिनिट" म्हणूनसुद्धा. जमीन सपाट आणि कडक हवी. काळ्या रानात जॅक रुततो. चाकांना पुढून-मागून दगड, हँडब्रेक, आणि चॅसीखाली स्टँड किंवा भक्कम लाकडी ठोकळे. विटा नाहीत, त्या एकदम फुटतात. मूल मदतीला असेल तर त्याची जागा बाहेर, पाने हातात देण्याची. काढलेलं काळं ऑइल गटारात, विहिरीजवळ किंवा बांधावर ओतायचं नाही. झाकणाच्या कॅनमध्ये भरून जुनं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला द्यायचं, आणि वहीत तारीख-किलोमीटर लिहूनच हात धुवायचे.